पोलर एच१० छातीपट्टा: श्वास आणि ठोक्यांचं नातं पाहायला कितपत कामाचा?

९५२, ९०८, ८५५, ८१०, ७९२, ८०४, ८६०, ९२५, ९७४, ९९०, ९७६.

नमुन्यादाखल ही एका श्वासाची नोंद. पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर. प्रत्येक आकडा म्हणजे लागोपाठच्या दोन ठोक्यांमधलं अंतर, मिलिसेकंदांत. ६०,००० ला त्या आकड्याने भागलं की मिनिटाचा वेग मिळतो. ७९२ म्हणजे ७६ ठोके, ९९० म्हणजे ६१. श्वास भरत आला तेव्हा हृदय ७६ च्या वेगाने चाललं होतं, सोडत आला तेव्हा ६१ च्या. माणूस जागचा हललेला नाही, घाबरलेला नाही, तरी दहा सेकंदांत १५ ठोक्यांचा चढउतार झाला. निरोगी हृदयाचं हेच लक्षण आहे. घड्याळावर मात्र या सगळ्याच्या जागी नुसता ‘६७’ दिसतो.

पोलर एच१० हा छातीला बांधायचा पट्टा धावणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी बनवलेला आहे. इथे त्याचं परीक्षण त्या अंगाने केलेलं नाही. प्राणायाम, संथ श्वसन किंवा बायोफीडबॅक (शरीराचे आकडे समोर पाहत केलेला सराव) करताना श्वासाचा हृदयावर होणारा परिणाम ठोक्यागणिक पाहायचा असेल तर हा पट्टा किती उपयोगी, एवढाच प्रश्न आहे. थोडक्यात उत्तर: वरच्यासारखी आकड्यांची रांग घरच्या घरी मिळवायला याच्याइतकं विश्वासाचं साधन क्वचित सापडेल. पण त्या आकड्यांवर ॲप जे गुण आणि शेरे चिकटवतात, त्यांतले निम्मे दुर्लक्ष करण्याच्या लायकीचे असतात.

पट्टा नेमकं काय पाहतो

पट्ट्याच्या आतल्या बाजूला दोन विद्युतग्राही पट्ट्या आहेत. हृदयाच्या जवनिका, म्हणजे खालचे कप्पे, आकुंचन पावण्याआधी जी विजेची लाट उसळते तिचं टोक, म्हणजे इसीजीतला ‘आर’, त्या टिपतात. दोन ‘आर’मधलं अंतर म्हणजे आरआर. ब्लूटूथच्या ठरलेल्या पद्धतीत हे अंतर सेकंदाच्या १,०२४ व्या भागात पाठवलं जातं, म्हणजे जवळजवळ मिलिसेकंदात. शिवाय योग्य ॲप असेल तर सेकंदाला १३० नमुने या दराने कच्चा इसीजीही बाहेर काढता येतो. अशा एकाच जोडीच्या पट्ट्यांचा इसीजी रोगनिदानाला चालत नाही. पण एखादा आकडा विचित्र आला तर तो हृदयाचा की पट्ट्याचा, हे तपासायला तो सोन्यासारखा आहे.

मनगटी घड्याळ वेगळ्याच वाटेने जातं. ते कातडीवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताची लाट मोजतं. ही लाट हृदयापासून मनगटापर्यंत यायला लागणारा वेळ रक्तदाबाप्रमाणे बदलतो आणि रक्तदाब श्वासाबरोबर बदलतो. म्हणजे जे मोजायचं तेच मोजमापात गडबड करतं. त्यात बरीच घड्याळं काही सेकंदांची सरासरी काढून आकडा दाखवतात. मिनिटाला १५ श्वास घेणाऱ्या माणसाचा एक श्वास चार सेकंदांचा असतो, सरासरी त्याहून लांब असली की चढउतार पुसलाच जातो. रात्री स्थिर झोपेत घड्याळाचे आकडे ठीक असतात. श्वसनाच्या सरावात हात मांडीवर ठेवून बसलं तरी मनगट वळलं, पट्टी सैल पडली, हात गार पडले की रांग तुटते. बोटाला लावायची चिमटी ही या दोघांच्या मधली. हात गरम असतील आणि बोट हललं नाही तर ती बरं काम करते, पण ऑक्सिजन दाखवणाऱ्या साध्या चिमट्यांमधून ठोक्याठोक्याचं अंतर बहुधा बाहेर काढताच येत नाही.

श्वास हृदयाचा वेग का बदलतो

हे समजल्याशिवाय पट्ट्याचा आलेख नुसती नक्षी वाटेल, म्हणून थोडं सविस्तर.

हृदयाच्या उजव्या कर्णिकेत, म्हणजे वरच्या कप्प्यात, ठोक्यांची सुरुवात करणारी सायनस गाठ असते. तिला एकटीला सोडलं तर तरुण माणसात ती मिनिटाला १०० च्या आसपास ठोके देईल. प्रत्यक्षात बसल्या जागी ६० ते ७५ दिसतात, कारण मेंदूकडून हृदयाकडे येणारा व्हेगस मज्जातंतू तिच्यावर सतत ब्रेक दाबून असतो. श्वास आत घेताना मेंदूच्या तळाशी असलेलं श्वसनकेंद्र हा ब्रेक सैल करतं, फुप्फुसं ताणल्याची खबर देणारे मज्जातंतू त्याला दुजोरा देतात आणि वेग वाढतो. श्वास सोडताना ब्रेक पुन्हा दाबला जातो. व्हेगसचा परिणाम सेकंदाच्या आत दिसतो म्हणूनच तो श्वासामागे धावू शकतो. हृदयाचा वेग वाढवणाऱ्या सिंपथेटिक मज्जातंतूंना जोर पकडायला काही सेकंद लागतात, त्यामुळे नेहमीच्या श्वासाच्या गतीला ते पोचतच नाहीत. आलेखात श्वासागणिक दिसणारी लाट बहुतांशी व्हेगसची असते, ती यामुळे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये कायमोग्राफ हे फिरत्या नळकांड्यावर रेघ उमटवणारं यंत्र बनवलं, तेव्हापासून ही गोष्ट कागदावर आहे.

दुसरी वाट नळकामाची आहे. श्वासपटल खाली सरकलं की छातीतला दाब आणखी उणा होतो. शांत श्वासात फुप्फुसाभोवतीचा दाब साधारण उणे ५ सेंमी पाण्यावरून उणे ८ च्या आसपास जातो. त्याच वेळी पोटातला दाब वाढतो. खालून दाब, वरून ओढ, त्यामुळे पोटातल्या मोठ्या शिरेतलं रक्त छातीकडे खेचलं जातं आणि हृदयाचा उजवा भाग जास्त भरतो. डाव्या बाजूला मात्र त्या क्षणी उलट घडतं. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या रुंदावून रक्त धरून ठेवतात, फुगलेली उजवी जवनिका मधला पडदा डावीकडे ढकलते आणि डावी जवनिका एका ठोक्याला किंचित कमी रक्त फेकते. म्हणून श्वास घेताना वरचा रक्तदाब थोडा उतरतो. निरोगी माणसात ही उतरण १० मिमी पाऱ्याच्या आत राहते. त्याहून जास्त पडत असेल तर डॉक्टर हृदयावरणातलं पाणी किंवा तीव्र दमा असं काहीतरी शोधायला लागतात.

यातलं काहीही पट्टा मोजत नाही. त्याला रक्तदाब कळत नाही, शिरांमधून परत येणारं रक्त कळत नाही. तो ठोक्यांची वेळ सांगतो आणि बाकीचं आपण त्यावरून ओळखायचं असतं. ‘रक्ताभिसरण सुधारल्याचं’ चित्र ॲप काढून दाखवत असेल तर ते चित्रकाराच्या कल्पनेतलं आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे बॅरोरिफ्लेक्स. मानेतल्या आणि महाधमनीच्या कमानीतल्या दाबग्राहकांना रक्तदाब वाढल्याचं कळलं की ते व्हेगसला ब्रेक दाबायला लावतात. वेग वाढला, त्यामुळे दाब वाढला, त्यामुळे वेग घटला, या फेऱ्यात सुमारे पाच सेकंदांचा उशीर असतो. पाच जायचे, पाच यायचे, म्हणजे दहा सेकंदांचं एक आवर्तन. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले की श्वासाची लाट आणि या फेऱ्याची लाट एकमेकींवर बसतात. झोपाळा आपल्याकडे येऊन परत निघतो त्याच क्षणी धक्का द्यावा तसं. लाट मोठी होते. संथ श्वसनाच्या ‘सहा’ या आकड्यामागचं कारण हे एवढंच आहे.

बांधताना होणाऱ्या चुका

पट्टा छातीच्या स्नायूंच्या किंवा स्तनांच्या लगेच खाली, आडवा. मधलं यंत्र उरोस्थीवर, त्यावरचं नाव सुलट. उलटा बांधला तर डावं-उजवं बदलतं आणि कच्चा इसीजी खाली डोकं वर पाय असा दिसतो. विद्युतग्राही भाग बांधण्याआधी पाण्याने ओले करायचे. नुसतं बोट फिरवून भागत नाही, कापड भिजलं पाहिजे. धावणाऱ्याला पाच मिनिटांत घाम येतो आणि संपर्क आपोआप सुधारतो. श्वसनाला बसलेल्या माणसाला घाम येत नाही, उलट वीस मिनिटांत पाणी सुकतं. म्हणून धावताना चोख चालणारा पट्टा ध्यानात बसल्यावर दगा देतो, ही तक्रार पट्ट्याची नसते. लांब सत्र असेल तर इसीजीची जेल एक पातळ थर लावावी आणि नंतर नीट धुवावी. छातीवर केस दाट असतील तर जेलशिवाय बसूच नये. अंगाला लावलेलं तेल किंवा क्रीम संपर्क मारतं.

सैल की घट्ट, याला श्वसनाच्या वापरात वेगळंच महत्त्व आहे. श्वास पूर्ण सोडला की छातीचा घेर कमी होतो. बेताचाच बसलेला पट्टा त्या क्षणी कातडीवरून उचलला जातो, आणि ठोका नेमका उच्छ्वासाच्या शेवटी हुकतो. तो ठोका हुकला की ॲपला वाटतं हृदय फार मंदावलं, आणि ते खूश होऊन जास्त गुण देतं! उलट फार आवळला तर खालच्या फासळ्या पसरत नाहीत, माणूस नकळत खांद्याने वरवरचा श्वास घेतो आणि लाट लहान होते. हिशेब सोपा: पूर्ण सोडलेल्या श्वासावर पट्टा घसरू नये, पूर्ण भरलेल्यावर टोचू नये. बकल आणि आतले सिलिकॉनचे ठिपके या बाबतीत चांगलं काम करतात. पट्टा दोन मापांत येतो, छाती लहान असेल तर लहान माप घ्यावं. मोठ्या मापाला गाठ मारून वापरणं फसतं.

जोडणी करताना फोनच्या ब्लूटूथ यादीत शोधत बसू नका. पट्टा ॲपच्या आतून जोडायचा असतो. ‘सापडत नाही’ असं आलं तर बहुतेक वेळा दुसरं ॲप किंवा घड्याळ त्याला आधीच धरून बसलेलं असतं. एच१० एकाच वेळी दोन ब्लूटूथ जोडण्या देऊ शकतो, ही सोय इथे कामी येते: एका ॲपवर श्वासाची लय, दुसऱ्यावर कच्ची नोंद.

नोंद शुद्ध आहे का, हे तीन बेरजांत

परीक्षणाचा गाभा इथे आहे. आरआरची फाइल बाहेर काढू देणारं ॲप घ्या. ज्यातून फाइल निघत नाही ते कितीही सुंदर असलं तरी या कामाचं नाही.

समजा नेहमीचं अंतर ८५० आहे आणि मध्येच १७०० आला. एकच आकडा, बरोबर दुप्पट. म्हणजे पट्ट्याने एक ठोका गाळला. ८५० च्या जागी ३०० आणि ५५० असे दोन आले तर पट्ट्याने स्नायूची थरथर किंवा कपड्याची स्थिरवीज ठोका समजून मोजली. कृत्रिम धाग्याचा सैल शर्ट पट्ट्यावर घासला की हे हमखास होतं. आणि ८५०, ५६०, ११४०, ८५० अशी ओळ आली तर? ५६० आणि ११४० ची बेरीज १७००, म्हणजे दोन नेहमीच्या अंतरांएवढी. हा हृदयाचाच आगाऊ ठोका आणि त्यामागची भरपाईची उसंत. बहुतेक निरोगी लोकांत असे ठोके अधूनमधून येतात. वारंवार येत असतील, छातीत धडधड किंवा चक्कर सोबत असेल, तर फाइल घेऊन डॉक्टरांकडे जायचं, ॲपच्या मदतकेंद्राकडे नाही.

तिसरी बेरीज पूर्ण नोंदीची. पाच मिनिटांच्या सत्रातल्या सगळ्या अंतरांची बेरीज ३०० सेकंदांजवळ यायला हवी. २९१ आली तर नऊ सेकंदांचे ठोके हवेत विरले, म्हणजे ब्लूटूथचे संदेश फोनपर्यंत पोचले नाहीत. फोन पाठीमागच्या खिशात असला की शरीर आडवं येतं. तो समोर मांडीवर किंवा टेबलावर ठेवावा, आणि पडदा बंद झाल्यावर ॲपला झोपवणारी बॅटरी बचत त्या ॲपपुरती बंद करावी.

एवढा काटेकोरपणा कशाला? कारण गुण काढायची सूत्रं चुकीला फार हळवी असतात. आरएमएसएसडी हे प्रसिद्ध माप लागोपाठच्या अंतरांमधल्या फरकांचे वर्ग करून सरासरी आणि मग वर्गमूळ काढतं. ८५० च्या आसपास चालणाऱ्या दोन मिनिटांच्या नोंदीत फरक साधारण ३० चे असतील तर माप ३० येतं. त्यात एकच ठोका गळाला की ८५०-८५० चे दोन फरक घुसतात, त्यांचे वर्ग बाकी सगळ्यांना गिळतात आणि माप १०० च्या वर जातं. एका हुकलेल्या ठोक्याने माणूस कागदावर ‘अतिशय निवांत’ होतो. चांगली ॲप अशा जागा ओळखून दुरुस्त करतात, पण किती ठोके दुरुस्त केले हे सांगत नसतील तर आकड्यावर विसंबू नये.

आपली लय शोधायची रीत

पाठीला आधार देऊन बसा. जेवल्यावर लगेच नाही, चहा-कॉफी पिऊन लगेच नाही. पट्टा बांधून पाच मिनिटं काहीच करू नका, मग दोन मिनिटं नेहमीच्या श्वासाची नोंद घ्या. त्यानंतर मिनिटाला ६.५ श्वास, मग ६, ५.५, ५ आणि ४.५, प्रत्येकी दोन मिनिटं, मध्ये मिनिटभर मोकळा श्वास. लय दाखवणाऱ्या ॲपमध्ये सेकंद भरावे लागतात: ६.५ ला एक श्वास ९.२ सेकंदांचा, ६ ला १०, ५.५ ला १०.९, ५ ला १२ आणि ४.५ ला १३.३. आत आणि बाहेर ४ ला ६ या प्रमाणात वाटून घ्यावं, ते जमत नसेल तर समसमान चालेल. मध्ये श्वास रोखायचा नाही.

प्रत्येक गतीला श्वासागणिक सर्वांत जास्त वेग वजा सर्वांत कमी वेग काढा आणि पहिले दोन श्वास सोडून बाकीच्यांची सरासरी घ्या. जिथे फरक सर्वांत मोठा आणि लाट गुळगुळीत, ती आपली लय. बहुतेक प्रौढांची ती ४.५ ते ६.५ च्या दरम्यान सापडते, उंच माणसांची सहसा खालच्या बाजूला. ६ आणि ५.५ मध्ये एकदीड ठोक्याचाच फरक असेल तर जी गती सुखाची वाटते ती घ्यावी. दशांश चिन्हाच्या मागे लागण्यात काही मिळत नाही.

हाच फरक वैद्यकातही मोजतात. मधुमेहात व्हेगसला इजा झाली आहे का हे पाहायला मिनिटाला सहा या गतीने खोल श्वास घ्यायला लावतात आणि प्रत्येक श्वासातल्या जास्तीत जास्त व कमीत कमी वेगातल्या फरकाची सरासरी काढतात. १५ किंवा जास्त ठीक, ११ ते १४ सीमेवर, १० किंवा कमी असामान्य, हा जुना प्रचलित निकष. पण वयानुसार हा फरक उतरत जातो. पंचविशीत २५ दिसणं आणि सत्तरीत ८ दिसणं यांचा अर्थ सारखा नाही. घरी कमी आकडा आला म्हणून स्वतःला रोग चिकटवून घेऊ नये.

सर्वांत जास्त फसवणारी जागा: हवा किती

गती कमी करताना लोक श्वास प्रमाणाबाहेर मोठा करतात. आकडेमोड करून पाहा. नेहमीचा श्वास अर्ध्या लिटरचा, मिनिटाला १२. त्यातले सुमारे १५० मिली श्वासनलिकेतच अडकतात, वायूंच्या देवाणघेवाणीपर्यंत पोचत नाहीत. उरले ३५०, गुणिले १२, म्हणजे ४.२ लिटर कामाची हवा. आता मिनिटाला ६ श्वास. तेवढीच हवा मिळवायला एका श्वासाला ७०० अधिक १५०, म्हणजे ८५० मिली पुरे. लोक घेतात सव्वा-दीड लिटर, कारण ‘खोल श्वास’ म्हटलं की छाती फुगवायची सवय. सव्वा लिटरने ६.६ लिटर झाली, गरजेच्या दीडपटीहून जास्त. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. कार्बन डायऑक्साइडचा दाब १ मिमी पाऱ्याने उतरला की मेंदूचा रक्तपुरवठा साधारण ३ टक्क्यांनी घटतो. डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. याला ‘ऊर्जा जाणवली’ म्हणणारे भेटतात. ती ऊर्जा नाही, जास्त श्वास घेतल्याची खूण आहे.

पट्ट्याच्या आलेखात हे थेट दिसत नाही, आणि हीच त्याची मोठी उणीव. लाट छान मोठी असते, ॲप हिरवं दाखवत असतं आणि माणसाला गरगरत असतं. उपाय एकच: गती तीच ठेवून श्वास लहान करायचा. नाकाने घेतल्यास आपसूक लहान होतो. कुंभकाची आवड असलेल्यांनी एक पाहावं: गळा बंद करून आतून जोर लावला तर छातीतला दाब चढतो, शिरांमधून येणारं रक्त अडतं आणि वेग वाढू लागतो. सोडल्यावर दाब उसळतो आणि वेग एकदम खाली येतो. आलेखात आधी उंचवटा, मग खड्डा. हा व्हॅल्साल्व्हाचा नमुना दिसला तर श्वास रोखताना जोर लागतोय असं समजावं. हृदयविकार, काचबिंदू किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी तो टाळायचाच.

ॲपचे गुण कुठे चुकतात

काही ॲप ‘एलएफ-एचएफ’, म्हणजे ठोक्यांमधल्या मंद आणि जलद लाटांचं गुणोत्तर काढतात आणि ते वाढलं की ताण वाढला असं सांगतात. जलद लाटांचा एचएफ टप्पा ०.१५ ते ०.४ हर्ट्झचा, म्हणजे मिनिटाला ९ ते २४ श्वासांचा. मंद लाटांचा एलएफ ०.०४ ते ०.१५ चा. मिनिटाला सहा श्वास म्हणजे ०.१ हर्ट्झ, बरोबर एलएफच्या मधोमध. शांत बसून संथ श्वास घेतला की व्हेगसचीच लाट एचएफमधून उठून एलएफमध्ये जाऊन बसते आणि ॲप बिनदिक्कत सांगतं, ‘तुमचा ताण वाढला’. श्वसनाच्या सत्रात हे गुणोत्तर पाहूच नये. रोजच्या स्थितीची तुलना करायची तर सकाळी उठल्यावर नेहमीच्या श्वासावर, एकाच आसनात घेतलेली नोंद वापरावी. झोपून घेतलेली आणि बसून घेतलेली नोंद एकमेकींशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो, आडवं पडल्यावर लाट मोठीच येते.

चालू सत्रात पडद्यावरचा आकडा पाहून श्वास बदलू नये, हेही आलंच. संदेश सेकंदासेकंदाने येतात, वर ॲपची सरासरी. जे दिसतं ते एकदोन सेकंद जुनं असतं.

कुणी घेऊ नये

एट्रियल फिब्रिलेशन असेल तर ठोके मुळातच विस्कळीत असतात. त्या नोंदीत मोठा आकडा येईल, पण तो श्वासाचा नाही. पेसमेकरच्या ठरावीक गतीवर चालणाऱ्या हृदयात लाट दिसणार नाही. बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचा वेग कमी करणाऱ्या गोळ्या, घेणाऱ्यांना मात्र वापरता येतो. वेग कमी दिसेल, श्वासाची लाट टिकून असते. रक्तदाब उतरवणं हा एकमेव हेतू असेल तर पट्ट्याआधी दंडाला बांधायचं रक्तदाबमापक घ्यावं. संथ श्वसनाचा रक्तदाबावरचा परिणाम असला तर तो आठवड्यांच्या नोंदीतच कळतो, आणि गोळ्या स्वतःहून कमी करायच्या नाहीत.

ज्याला फक्त लय हवी त्याला तर पट्टाच नको. सेकंदकाटा पुरतो.

देखभाल

सत्र संपलं की मधलं यंत्र पट्ट्यावरून लगेच काढावं. ओला पट्टा आणि यंत्र जोडलेले राहिले की दोन टोकांत वीज वाहत राहते, यंत्राला वाटतं माणूस अजून बसलाय, आणि सीआर२०२५ बॅटरी फुकट उतरते. बटणांच्या जोडांवर घामाचं मीठ साचून गंज चढतो तो वेगळा. पट्टा दर वेळी वाहत्या पाण्यात खळबळून टांगून वाळवावा, अधूनमधून ४० अंशांवर यंत्रात धुवावा. पिळू नये, इस्त्री नाही, ब्लीच नाही. बॅटरी बदलताना मागच्या झाकणाची रबरी कडी जागेवर बसली आहे ना ते पाहावं, ती तिरकी राहिली की पाणी आत शिरतं.

नवी बॅटरी, ओला पट्टा, स्वच्छ कातडी, तरी ठोके गळायला लागले तर विद्युतग्राही थर झिजला असं समजावं. पट्टा वेगळा मिळतो, यंत्र तेच चालतं.